खजुरीवर चढणारी खुर्ची

अम्मीनं भेकराच्या मटणाचं नाव काढलं ते अगदी सहज, कांदा चिरता चिरता. मी शेजारी तांदूळ निवडत बसले होते आणि अब्बा दुकानातून जेवायला येऊन मोरीपाशी हात धूत होते. "आज का कुणास ठाऊक, माहेरचं भेकराचं मटण आठवतंय," ती म्हणाली. "भाजलेल्या खोबऱ्याचं. बरोबर तांदळाची गरम भाकरी." एवढं बोलून ती विषय विसरूनही गेली आणि सुरमईच्या तुकड्यांना मीठ लावायला उठली. पण अब्बांचे हात तसेच ओले राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. अम्मीला दिवस गेले होते, आणि तिनं एखाद्या पदार्थाचं नाव घेतलं की आमच्या घरात ते नुसतं नाव राहत नसे.

माझ्या पाठीवर झालेली दोन्ही बाळं राहिली नव्हती. दुसऱ्या खेपेला अम्मीला ओल्या काजूगरांचे डोहाळे लागले होते. अरबस्तानच्या किनाऱ्यावरच्या आमच्या खोर फक्कानमध्ये ओले काजूगर कुठून येणार? अब्बांनी मुंबईहून येणाऱ्या लाँचवाल्यांना सांगून ठेवलं, पण लाँच वाऱ्यात अडकली, काजूगर आलेच नाहीत, आणि बाळ जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेलं. या दोन गोष्टींचा संबंध कुणी जोडला नव्हता, अम्मीनं तर नाहीच नाही. अब्बांनी मात्र तो मनातल्या मनात जोडून टाकला होता. एरवी माणूस मोठा व्यवहारी, गंडे-तावीज घालणाऱ्यांची टिंगल करणारा. पण या एका बाबतीत त्यांच्यापुढे कुणाचं शहाणपण चालत नसे. या खेपेला अम्मीनं चिंच म्हटलं की दुबईहून डोंगरातून येणाऱ्या लँडरोव्हरमधून चिंच यायची. फणसपोळी म्हटलं की कुणातरी खलाशाच्या पेटीतून फणसपोळी निघायची. बिचारी शेवटी शेवटी तोंड उघडायला घाबरायची. त्या दिवशी कांद्याच्या नादात तिच्या तोंडून निघून गेलं आणि आमच्या घराची झोप उडाली.

घर म्हणजे काय, पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या. दुकानात तांदळाची पोती, चहाच्या पेट्या, रॉकेल, कापडाचे तागे. त्या सगळ्याचा मिळून एक वास होता आणि तो आमच्या अंथरुणांना, कपड्यांना, माझ्या केसांनासुद्धा यायचा. पहाटे गाढवाच्या पाठीवरून पाणी घेऊन येणाऱ्याची हाळी, मग अजान, मग समुद्रावर होड्या ओढणाऱ्यांचा एका सुरातला आवाज. संध्याकाळी पेट्रोमॅक्सला पंप मारल्याचा आणि नंतर तिच्या सुसू करत राहण्याचा. घराच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला उघडेबोडके काळे डोंगर. डोंगराच्या पायथ्याशी खजुरीच्या बागा होत्या. अब्बांशिवाय आमचं तिथं कुणी नव्हतं. हे वाक्य त्या वयात मी रोज मनाशी म्हणायचे. अब्बांना साधा ताप आला तरी मी त्यांच्या अंथरुणाशेजारी बसून त्यांची छाती वरखाली होतेय ना, हे बघत राहायचे. दवाखाना नाही, रस्ता नाही, नातेवाईक खाडीपलीकडे नव्हेत तर समुद्रापलीकडे. अब्बा गेले तर आम्ही दोघींनी कुणाच्या दारात उभं राहायचं, याचं उत्तर मला कधीच सापडायचं नाही.

भेकर, आपल्या कोकणातलं ते छोटं हरीण, त्या मुलखात नव्हतं. पण धबी होतं. धबी म्हणजे तिथलं हरीण, अंगानं लहान, वाळूच्या रंगाचं, भेकराचा चुलतभाऊ म्हणावं असं. अबू राशिद नावाचे आमचे शेजारी होते. दुकानाची जागा त्यांचीच, आणि अब्बांचे ते सगळ्यांत जवळचे दोस्त. मुंबईच्या फेऱ्या करून करून मोडकंतोडकं हिंदी शिकलेले. त्यांची एक बाग डोंगरातल्या खोऱ्याच्या पार वरच्या टोकाला होती आणि तिथं खजुरींच्या मधल्या जमिनीत ते गुरांसाठी हिरवा चारा लावायचे, ज्याला तिकडे जत म्हणतात. ऊन उतरलं की डोंगरातून धबी यायचे आणि तो चारा खायचे. अबू राशिद रोज दुकानाच्या पायरीवर बसून हेच रडगाणं गायचे, "धबी आता है, जत खाता है. मैं आता है, धबी जाता है. खलास!" अब्बा इतके दिवस नुसते हसायचे. अम्मी बोलली त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "अबू राशिद, तुम्हारी बंदूक अच्छी है क्या?"

कोकणातल्या माणसाला शिकार म्हटली की माचाण सुचतं. तिथले लोक कुत्री घेऊन किंवा डोंगर चढून शिकार करायचे. झाडात बसून जनावराची वाट बघणं हे त्यांना ऐकूनही माहीत नव्हतं. पण अब्बांचे वडील दापोलीकडच्या रानात माचाणावरून भेकर मारणारे म्हणून ओळखले जायचे, आणि त्यांच्याबरोबर अब्बाही बसलेले होते. वर बसलं की जनावराला माणसाचा वास लागत नाही, हे अब्बांनी अबू राशिदना हातवारे करून समजावलं. अडचण एकच होती. चाऱ्याच्या शेताभोवती फक्त खजुरी. खजुरीला ना फांदी ना बेचकं. माचाण बांधणार कशावर? म्हणजे बसायची जागाच माणसाबरोबर वर चढली पाहिजे आणि वर जाऊन घट्ट बसली पाहिजे. ती कशी असावी, यावर आमच्या अंगणात रोज संध्याकाळी खल सुरू झाला.

अम्मीला हे कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं तवा खाली उतरवला. चूल तशीच जळत राहिली. "झाडावर?" तिनं विचारलं. "कोण चढणार झाडावर?"

"मी," अब्बा म्हणाले. "दुसरं कोण? अबू राशिदचे गुडघे गेलेत."

"मला भेकर नको."

"तू घाबरून बोलतेस."

"घाबरूनच बोलतेय! मग काय हसून बोलू?"

तिची भीती उगाचची नव्हती. तिचा सख्खा भाऊ, माझा मामा, पोफळीवरून पडला होता. सुपारी काढायला रोज चढणारा माणूस, एका सकाळी पाय सटकला आणि मणका गेला. त्यानंतर तो खाटेवरच राहिला. लग्न होईपर्यंत अम्मीच त्याला कूस बदलून द्यायची, भरवायची. तो तिच्या लग्नानंतर वारला आणि तिला ती बातमी इथं, खोर फक्कानला, कुणीतरी वाटेवर थांबवून सांगितली. त्यामुळं अम्मीला झाड दिसलं की फळ दिसत नसे, खाली पडलेला माणूस दिसे. मीही तिचीच मुलगी. मला तर झाड नसतानाही पडलेला माणूस दिसायचा.

तिनं खूप प्रयत्न केले. "बकरा आणा, त्यातच भागेल माझं," म्हणाली. अब्बांनी बकरा आणला. तिनं स्वतः भेकरासारखं मटण केलं, खोबरं भाजलं, भाकऱ्या केल्या आणि आपण तृप्त झालो हे दाखवायला अब्बांच्या समोर बसून घास घेतले. चौथ्या-पाचव्या घासाला तोंडावर पदर धरून ती परसात पळाली. अब्बा पाटावर तसेच बसून राहिले. त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं की आता हा माणूस खजुरीवर चढल्याशिवाय राहत नाही. त्या मटणाच्या वासाचा मला तेव्हा इतका राग आला की मी त्या रात्री नुसता भात खाल्ला.

बसायच्या जागेसाठी दोन पर्याय होते. एक अबू राशिदचा, हाबूल. खजुरीवर चढणारे लोक कमरेमागून आणि खोडाभोवतून एक दोराचा वेढा घेतात, पाठीला टेकायला त्याचा रुंद विणलेला पट्टा असतो, त्याला हाबूल म्हणतात. मागे रेलायचं, पाय खोडाला लावायचे, वेढा वर झटकायचा, की माणूस वर. अबू राशिद म्हणायचे, "हाबूल ज़ैन, अच्छा. मेरा बाप हाबूल, उसका बाप हाबूल." पण हाबूल म्हणजे खजूर काढण्यापुरतं ठीक, दुपारपासून दिवस मावळेपर्यंत त्यात लोंबकळत बसायचं तर कंबर राहणार नाही आणि बंदूक धरायला अंग मोकळं होणार नाही, असं अब्बांचं म्हणणं.

दुसरा पर्याय इसाक मिस्त्रींचा. मिस्त्री कुलाबा जिल्ह्याकडचे, लाँचचं सुतारकाम करायचे. बोलण्यात त्यांना कुणी हरवू शकत नसे आणि आपल्या हातून झालेली कुठलीही वस्तू जगात पहिलीच आहे, अशी त्यांची खात्री असे. त्यांनी दोन फळ्या केल्या. एक बसायची, एक पायांखालची, पायांखालचीला पाय अडकवायला चामड्याचे पट्टे. दोन्ही फळ्यांना काथ्याच्या जाड दोराचा एकेक वेढा, तो खोडाभोवती जाणार. वरच्या फळीवर बसायचं आणि पायांनी खालची वर ओढून घ्यायची. मग खालचीवर उभं राहायचं आणि वरची हातांनी सरकवायची. वजन पडलं की वेढा खोडाला आवळून धरणार. "भाभी, ही खुर्ची आहे खुर्ची," मिस्त्री अम्मीला म्हणाले. "यूनुसभाई वर बसून चहा पितील. तुम्ही कशाला टेन्शन घेता?"

"चहा खाली बसून पण पिता येतो, मिस्त्री," अम्मी म्हणाली.

परवा मी हे लिहायला बसले तेव्हा माझा नातू शेजारी होता. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतला आमचा फ्लॅट लहान, त्यामुळं मी काय लिहिते ते सगळ्यांना दिसतं. मी त्याला ही खुर्ची समजावून सांगितली तर त्यानं फोनवर बोटं फिरवली आणि म्हणाला, "दादी, लुक, दे अ‍ॅक्चुअली सेल धिस!" आणि खरोखरच होती की! हलक्या धातूची, दोन तुकड्यांची, हुबेहूब मिस्त्रींची, हरणांच्या शिकारीसाठी अमेरिकेत झाडांवर चढणारी. तिच्यात किती प्रकार, कुठली किती वजन पेलते, कुठलीला गादी आहे, कुठलीला कमरपट्टा. मी विचारलं, यातली कुठली घ्यायची हे लोक ठरवतात कसं? तर म्हणाला, "रिव्ह्यूज वाचून. सी, फाइव्ह स्टार्स." मी म्हटलं, बाबा रे, ते तारे वर बसलेल्यांनी दिलेत. खाली उभ्या असलेल्या बायकांना कुणी विचारलंय का? तो हसला. मला हसू आलं नाही. इतक्या वर्षांनीही ते चित्र बघून माझ्या तळहातांना घाम सुटला होता.

अम्मीला अडवता येत नाही म्हटल्यावर तिनं निवड स्वतःच्या हातात घेतली. "ठीक आहे, चढा," ती म्हणाली, "पण कशात बसून चढायचं ते मी ठरवणार." अंगणातल्या खजुरीला तिनं दोन्ही गोष्टी टांगायला लावल्या, एका अंगाला हाबूल, दुसऱ्या अंगाला मिस्त्रींची फळी, आणि दोन्हींवर अब्बांच्या वजनापेक्षा जास्त भरतील अशी तांदळाची पोती बांधायला लावली. मिस्त्रींनी काथ्या आदल्या दिवशी खाऱ्या पाण्यात भिजत घातला होता आणि ओला असतानाच गाठी मारल्या होत्या. आपल्याकडे काथ्याचं असंच करतात. खाऱ्या पाण्यात तो फुगतो, गाठ अशी आवळते की सुरीशिवाय सुटत नाही. अम्मीला हे माहेरापासून ठाऊक होतं, त्यामुळं तिनं त्यावर काही विचारलं नाही. अब्बांनीही नाही. आम्ही चौघंही कोकणातले, चौघांनाही ते बरोबरच वाटलं. वरच्या फळीच्या गाठीतून बाहेर आलेल्या शेपटाच्या टोकाला अम्मीनं आपल्या जुन्या ओढणीची लाल चिंधी बांधली. गाठ सरकली तर चिंधी गाठीकडे ओढली जाईल, हा तिचा हिशेब. रात्रभर पोती लोंबकळत राहिली. अम्मी झोपली नाही, मी झोपेचं सोंग घेऊन पडले. समुद्राकडून दमट वारा येत होता, अंथरूण चिकट झालं होतं. सकाळी बघतो तर चिंधी जिथल्या तिथं, गाठीपासून वीतभर लांब.

"काय भाभी?" मिस्त्री म्हणाले. "पास का फेल?"

अम्मी खूप वेळ त्या गाठीकडे बघत राहिली. तिला फेल म्हणायचं होतं, हे मला दिसत होतं. पण ती खोटं बोलणारी बाई नव्हती. "पास," ती म्हणाली. "पण कमरेला हाबूलही बांधायचं. आणि मी येणार. मला दिसेल अशा ठिकाणी बसणार." अब्बा म्हणाले, एकच अट, कुणी आवाज करायचा नाही, एक शब्द जरी निघाला तरी धबी परत महिनाभर फिरकणार नाहीत. अम्मीनं मान हलवली.

उन्हाळा लागला की तिथले लोक बागांत झावळ्यांच्या झोपड्या बांधून राहायला जायचे. अबू राशिदच्या घरच्या, उम्म राशिद, त्यांच्या वरच्या बागेत आधीच राहायला गेल्या होत्या. अम्मीला गाढवावर बसवून, मला चालवत, अब्बांनी दुपारी तिकडे नेलं. झोपडीच्या सावलीत उम्म राशिदनी आमच्यापुढे कावा, म्हणजे तिकडची बिनदुधाची कॉफी, आणि खजूर ठेवले, अम्मीच्या पोटाकडे बघून दुवा दिली आणि डोळा लागला त्यांचा. समोर चाऱ्याचं हिरवंगार शेत, त्याच्या कडेला ती एकच उंच खजूर. अबू राशिद सुरी घेऊन बांधामागे बसले, कारण गोळी लागल्यावर जनावरात जीव असेपर्यंत हलाल व्हायला हवं. मिस्त्रींनी तशाच भिजवलेल्या दोराच्या नव्या गाठी या खोडाला मारल्या, अम्मीनं शेपटाला चिंधी पुन्हा बांधली, आणि मग तेही अबू राशिदच्या शेजारी जाऊन बसले. अब्बांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि खुर्ची चढायला लागली. बसले, पाय ओढले, उभे राहिले, फळी सरकवली. बसले, पाय ओढले. खरं सांगायचं तर ते बघायला मोठं मजेशीर होतं, आणि मिस्त्रींच्या चेहऱ्यावर तर ईद होती. मी मात्र प्रत्येक वेळी ते उभे राहिले की डोळे मिटून घ्यायचे.

वर पोचल्यावर अब्बांनी काय केलं असेल? बंदूक वळवायला अडचण होते म्हणून कमरेचं हाबूल सोडलं आणि छाटलेल्या झावळीच्या एका खुंटावर टांगून ठेवलं. अम्मीनं माझं मनगट पकडलं. तिची नखं रुतली. ती ओरडू शकत नव्हती, हातवारे करू शकत नव्हती. अब्बांची नजर डोंगराकडे होती. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "अम्मी, मी हळूच जाऊन सांगू?" तिनं मान हलवली. नाही. तिनं शब्द दिला होता.

मग नुसतं बसणं. डोंगराकडून गरम वारा सुटला होता, भट्टीचं दार उघडल्यासारखा. ओठ फुटत होते, माझ्या धुतलेल्या ओढणीचा ओला काठ केव्हाच कडक झाला होता. समुद्राकडच्या आमच्या घरात असा वारा कधी यायचा नाही. चारा सळसळायचा आणि मला वाटायचं धबी आले. मग काहीच नाही. अब्बा वर इतके स्तब्ध होते की मला भलताच विचार आला, उन्हानं त्यांना भोवळ तर आली नाही? मी त्यांची छाती बघायचा प्रयत्न केला, पण इतक्या लांबून काय दिसणार. अम्मी दुसरीकडे कुठंच बघत नव्हती. तिचे डोळे त्या लाल चिंधीवर होते. तिच्या ओठांवरून कळत होतं की ती काहीतरी पढत होती आणि पढता पढता मध्येच थांबत होती.

ऊन कलल्यावर ते आले. आधी एक मादी, मग तिच्यामागे दोन. वाळूतून वाळूच चालत यावी तसे आले आणि चाऱ्यात माना घातल्या. अब्बांनी अगदी सावकाश बंदूक उचलली. मिस्त्रींचं डोकं बांधावर दिसलं आणि खाली गेलं. मी श्वास रोखला आणि मनात म्हटलं, या अल्ला, लागू दे गोळी, म्हणजे हे संपेल, अब्बा खाली येतील, अम्मी खाईल, बाळ राहील. मी अम्मीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी तिच्या नजरेमागे नजर नेली. लाल चिंधी गाठीला जाऊन टेकली होती.

"यूनुस!"

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. अम्मी अब्बांना 'अहो' म्हणायची, दुसऱ्याशी बोलताना 'जैबूनचे अब्बा' म्हणायची. इतकंच काय, मला पैगंबरांची गोष्ट सांगतानासुद्धा ती यूनुस म्हणत नसे, 'माशाच्या पोटातले पैगंबर' म्हणायची. आणि आता परक्या पुरुषांसमोर, परक्या रानात, पोटावर हात धरून उभी राहून ती ते नाव घेत होती, छाती फुटेल एवढ्या मोठ्यानं. "यूनुस! झाड धर! यूनुस, झाड धर!"

धबी कुठल्या कुठे गेले. अब्बांनी मान वळवली नाही, काय झालं विचारलं नाही. पुढं ते सांगायचे, नुसतं "अहो" म्हणाली असती तर मी खाली बघून "काय गं" म्हणालो असतो आणि तेवढ्यात संपलो असतो. पण ते नाव त्या आवाजात त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनी बंदूक टाकली आणि दोन्ही हातांनी खोडाला मिठी मारली. त्याच वेळी गाठ सुटली. बसायची फळी खुंटांवर आपटत आपटत खाली आली आणि तिचं एक टोक जमिनीत रुतलं. अब्बा पायांखालच्या फळीवर उभे, गाल खोडाला चिकटलेला. ती फळीही किती वेळ धरणार होती कुणास ठाऊक. अबू राशिद गुडघे विसरून धावले. गुडघे गेलेला तो जाडजूड माणूस अनवाणी खजुरीवर कसा चढला हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, तरी मला सांगता यायचं नाही. त्यांनी खुंटावरचं हाबूल काढून अब्बांच्या कमरेमागून घेतलं आणि शिव्या देत देत, एकेक पाऊल, त्यांना खाली आणलं.

मिस्त्री तोवर दोर हातात घेऊन बसले होते. काथ्या कुरकुरीत सुकला होता, गवतासारखा. ओला असताना फुगलेला दोर सुकून बारीक झाला आणि गाठ सैल पडली. आपल्या खाडीकाठी, आमच्या अंगणातसुद्धा, तो रात्रभरात सुकला नसता. डोंगराच्या वाऱ्यानं त्याला एका दुपारीत सुकवलं. मिस्त्री त्याच दोराची गाठ पुन्हा पुन्हा मारून बघत होते. मला त्यांची दया आली नाही, मला फक्त अब्बांचे पाय दिसत होते, जमिनीवर टेकलेले.

अम्मी चालत त्यांच्यापर्यंत गेली. ती रडत होती, पण तिचा आवाज रडका नव्हता. अब्बांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना पहिलं सुचलं ते भलतंच. "अगं, तुझं भेकर गेलं," ते म्हणाले.

"माझे ते डोहाळे संपले," अम्मी म्हणाली. "आता मला दुसरे लागलेत."

अब्बा एकदम सावध झाले. अशाही अवस्थेत, हात सोललेले, तोंडाला धूळ, पण डोहाळे म्हटल्यावर माणूस सरळ उभा राहिला. "काय? काय हवंय? सांग."

"तुम्ही जमिनीवर हवेत," ती म्हणाली. "झाडावर नाही, भिंतीवर नाही, स्टुलावर नाही. जमिनीवर. यातलं काही कमी पडलं तर मग माझ्या बाळाचं काय होईल ते तुमचं तुम्ही बघा."

अबू राशिदना मराठी येत नव्हतं, पण अब्बांचं तोंड बघून ते खो खो हसले. अब्बा हसले नाहीत. त्यांनी मान हलवली, चिंचेला हलवायचे तशीच, फणसपोळीला हलवायचे तशीच.

तो उन्हाळा मला अब्बांच्या नावानं आठवतो. दुकानाच्या वरच्या फळीवरचे डबे गिऱ्हाइकांनाच काढून घ्यावे लागायचे. उकाड्यात सगळं गाव गच्चीवर झोपायला जायचं, आम्ही दोघीही जायचो, आणि अब्बा खाली अंगणात एकटे, पंख्यानं वारा घेत, डासांना शिव्या देत. अबू राशिद येता-जाता चिडवायचे, "यूनुस, ऊपर हवा ज़ैन!" अब्बा म्हणायचे, "नीचे भी ज़ैन." मी गच्चीच्या कठड्यावरून डोकं काढून बघायचे, ते दिसायचे, छाती वरखाली होताना दिसायची, आणि मग मला झोप लागायची. त्या आधी मला इतकी शांत झोप कधी लागली होती, आठवत नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी माझा भाऊ झाला. रडला तो असा की उम्म राशिद म्हणाल्या, हा कुठं जात नाही आता. तो खरंच कुठं गेला नाही. आठवडा गेला, चाळिसावा दिवसही गेला, तो नुसता जाड होत राहिला. पण हे पुढचं. तो जन्मला त्या संध्याकाळी अब्बांनी त्याच्या कानात अजान दिली, त्याला परत आत दिलं आणि दाराच्या पडद्याबाहेर उभे राहिले. भयंकर उकडत होतं. एक नजर गच्चीच्या जिन्याकडे टाकून त्यांनी विचारलं, "मग, आता तरी संपले ना डोहाळे?"

मला फक्त बाळाच्या चुटचुट दूध ओढण्याचा आवाज येत होता.

"नाही संपले," अम्मी म्हणाली.

अब्बांनी अंगणात अंथरूण घातलं.